हॉलिस टॅकेट आणि पिवळा शर्ट

माझ्या वडिलांच्या घरात पिवळी वस्तू सापडणार नाही. मोहरीच्या सॉसची बाटली तेवढी फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात असते, तीही ममाने जुन्या मोज्यात घालून ठेवलेली. तिच्याशिवाय बटाट्याचं सॅलड होत नाही आणि बटाट्याच्या सॅलडशिवाय आमच्याकडे रविवार होत नाही, म्हणून वडील त्या मोज्याकडे बघून न बघितल्यासारखं करतात. लग्नात ममाच्या मावशीने पिवळ्या फुलांचा कपबशांचा सेट दिला होता, तो पहिल्याच वर्षी चर्चच्या जुन्या-पान्या वस्तूंच्या विक्रीत गेला. पिवळा हा ब्रॅक्स्टन कॉलेजचा रंग, फुटबॉलमधल्या आमच्या शत्रूंचा. आम्ही हॅडनचे. आमचा रंग गर्द निळा, आणि आमच्या गावात जन्मलेलं मूल आधी निळा रंग ओळखायला शिकतं, मग आईला.

गंमत अशी की माझे वडील, हॉलिस टॅकेट, आयुष्यभर शाळेची बस चालवत आले. शाळेच्या बसचा रंग सगळ्या देशात एकच, पिवळा. त्यांचा शाळेपासूनचा मित्र ड्यूई स्पिव्ही, ज्याचं केस कापायचं दुकान कोर्टासमोर आहे, तो रोज संध्याकाळी विचारायचा, "काय रे हॉलिस, आज पण दिवसभर पिवळ्यातच का?" वडील न चिडता सांगायचे की तो पिवळा नाही, तो बसचा रंग आहे.

गावातले निम्मे लोक त्यांच्या बसमधून शाळेत गेलेत. आताच्या पोलिसप्रमुखालासुद्धा त्यांनी मागच्या महिन्यात रस्त्यावर हाक मारून गाडीच्या खिडकीबाहेरचा हात आत घ्यायला लावला, आणि त्याने तो मुकाट्याने घेतला. उंच, जरासे वाकलेले, डोक्यावर एक केस नाही आणि कान मोठे. कुणाचं वाईट बोलायचं असलं तर ते हवामानाबद्दल बोलायला लागतात. अशा माणसाशी गावाचं भांडण असायचं कारण नाही, आणि नव्हतंही. फक्त एक गोष्ट होती. हॅडन कॉलेजचा फुटबॉलचा, म्हणजे आमच्या अमेरिकेतल्या बॉल हातात घेऊन पळायच्या फुटबॉलचा, सामना बाहेरगावी असला की हॉलिस टॅकेटने घरी राहायचं.

तरुणपणी ते जायचे. मित्रांच्या गाडीत दाटीवाटीने बसून, निळी टोपी घालून जायचे आणि हॅडन हरायचं. सुरुवातीला हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या काळात हॅडन तसंही हरतच असे. मग एकदा वाटेत टायर फुटलं, आणि वडील मध्यंतरानंतर मैदानात पोचले. तोवर आपण चांगले पुढे होतो. ते आत आले आणि तिथून आपल्या पोरांच्या हातात बॉल टिकेना. पुढच्या खेपेला ममाचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं, वडील दवाखान्यात राहिले, आणि हॅडनने समोरच्यांची धूळधाण केली. त्या आठवड्यात ड्यूईच्या दुकानात बराच खल झाला आणि निष्कर्ष निघाला की हॉलिसचा पायगुण. घरच्या मैदानावर तो चालत नाही, बाहेर चालतो.

कुणी त्यांना जाऊ नको म्हणून सांगितलं नव्हतं. त्यांनी आपणहून सांगून टाकलं की यापुढे मी येणार नाही. पायगुणावर गावाचा जेवढा विश्वास होता त्यापेक्षा त्यांचा स्वतःचा जास्त होता. मी कॉलेजात संख्याशास्त्राचा एक विषय घेतला होता. सुट्टीत घरी आल्यावर मी त्यांना वही घेऊन समजावलं की एवढ्याशा उदाहरणांवरून काही सिद्ध होत नाही. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लेटा, तुझं पुस्तक खरं असेल. पण पुस्तक हरत नाही ना, हॅडन हरतं."

तेव्हापासून एक पद्धत पडली. बाहेरच्या सामन्याच्या आदल्या दिवशी कुणीतरी आमच्या ओसरीवर काहीतरी झाकून ठेवून जातं. पेकनच्या दाण्यांची गोड पाई, शिजवलेल्या हिरव्या शेंगा, कधी कोंबडीचा भात. वर चिठ्ठी नसते. हे आभारही असतात आणि आठवणही. शनिवारी वडील गळ घेऊन गावाबाहेरच्या तळ्यावर जातात, रेडिओ नेत नाहीत, आणि अंधार पडल्यावर परत येतात. त्या तळ्यात मासे फारसे नाहीत. ममा म्हणते की इतक्या वर्षांत तिने त्या तळ्यातला एकच मासा तळला आणि त्याच्याकडे बघून तिलाच वाईट वाटलं.

माझा मुलगा ग्रेडी या सगळ्यात वाढला. तो हॅडनच्या टीममध्ये किकर आहे. म्हणजे टीम पुढे सरकेनाशी झाली की याने यायचं, जमिनीवर उभा धरलेला बॉल लाथेने उडवायचा, आणि तो मैदानाच्या टोकाच्या दोन उंच खांबांमधून गेला की गुण. बाकीची मुलं दारांएवढी रुंद, हा आपला कपड्यांच्या दोरीसारखा. वर्षभर तो राखीव होता, त्यामुळे मी सुखात होते. त्याच्या अंगावरचा निळा शर्ट सामना संपल्यावर इस्त्री केल्यासारखाच असायचा आणि मला तो तसाच आवडायचा.

मग एका शनिवारी घरच्या सामन्यात मुख्य किकरचा घोटा मुरगळला. पुढचा सामना ब्रॅक्स्टनला होता.

ब्रॅक्स्टनच्या स्टेडियमला सगळे 'खाण' म्हणतात, कारण ते जुन्या दगडाच्या खाणीतच बांधलंय. लोक वर कड्यासारखे बसतात, टीम खाली खड्ड्यात, आणि आवाज चारी बाजूंनी डोक्यावर कोसळतो. आपण तिथे शेवटचे जिंकलो ते माझं लग्न झालं त्या वर्षी. तेव्हा ग्रेडीचा पत्ताही नव्हता.

रविवारी दुपारी आम्ही ममाकडे जेवत होतो तेव्हा त्याचा फोन आला. माझा नवरा वेस त्याच्याशी बॉलविषयी, वाऱ्याविषयी बोलला. मी विचारलं की नीट जेवतोस ना, झोप लागते ना. तो हो हो म्हणाला. मग त्याने आजोबांना द्यायला सांगितलं. वडिलांनी फोन कानाला लावला आणि ग्रेडीचा आवाज टेबलावर सगळ्यांना ऐकू आला, कारण वडील कानाने जरा कमी असल्यामुळे फोन मोठ्या आवाजावर ठेवतात.

"पॉपॉ, तू येशील ना?"

सात वर्षांचा असल्यापासून हा मुलगा मागच्या कुरणात बॉल मारत आलाय आणि प्रत्येक वेळी तो बॉल गुडघ्यावर बसून धरायला हॉलिस टॅकेट होते. त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट त्यामुळे आजही सरळ होत नाही.  त्यांनी फोनमध्ये ब्रॅक्स्टनला या दिवसांत सकाळी धुकं असतं असं सांगितलं. ग्रेडी म्हणाला, "पॉपॉ, मी धुक्याचं नाही विचारलं."

"बघतो," वडील म्हणाले, आणि फोन माझ्याकडे दिला.

त्या दिवशी त्यांनी सॅलड खाल्लं नाही. ममाने भांडी आवरताना त्यांना स्पष्ट सांगितलं, "हॉलिस, पोरगा बोलावतोय आणि तू मासे पकडायला जाणार असशील, तर रात्री तिकडेच कुठेतरी राहायचं बघ." ते म्हणाले की मी गेलो आणि त्याचा बॉल खांबाला लागला तर? जन्मभर त्याला वाटेल की पॉपॉमुळे झालं. आणि खरंच माझ्यामुळेच झालेलं असेल. ममाने पुढचं भांडं उचललं.  मी संख्याशास्त्र शिकलेली, पण माझं पोर त्या खाणीच्या तळाशी उभं राहणार होतं, आणि अशा वेळी शिकलेलं फारसं उपयोगी पडत नाही. वडील यावेत असं मला वाटत होतं आणि येऊ नयेत असंही वाटत होतं.

सोमवारी ते ड्यूईच्या दुकानात गेले. डोक्यावर केस नसलेला माणूस न्हाव्याकडे आठवड्यातून तीनदा जातो हे आमच्या गावात कुणाला विचित्र वाटत नाही. मी बँकेतून जेवणाच्या सुट्टीत तिकडे गेले, कारण ममाने मला पाठवलं होतं. दुकान भरलेलं होतं. मिस ओपल तिथे होत्या. चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात, ऐंशीच्या पुढच्या आहेत, आणि त्यांचे केस ड्यूई कधीच कापत नाही. त्या फक्त सामन्याच्या आठवड्यात येऊन खिडकीजवळची खुर्ची अडवतात.

वडिलांनी परवानगी मागितली. शब्द नीट आठवत नाहीत, पण टोपी हातात धरून त्यांनी सगळ्यांना विचारलं की नातू बोलावतोय, मी जाऊ का.  त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती आणि हो म्हणायचीही नव्हती. एकाने सुचवलं की त्यांनी बाहेर गाडीत बसावं. दुसरा म्हणाला, गाडीत बसूनही एकदा हरलोय. कुणीतरी म्हणालं की डोळे मिटून बसला तर? ड्यूई कात्री हवेत धरून विचार करत होता आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा एकच कल्ला कापून झाला होता.

मग मिस ओपल बोलल्या. "हॉलिस ज्या टीमच्या बाजूने बसतो ती हरते. बरोबर?"

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"मग त्याला ब्रॅक्स्टनच्या बाजूने बसवा."

ड्यूईने कात्री खाली ठेवली. इतक्या वर्षांत हे कुणालाच सुचलं नव्हतं. दुकानात जो काही गलका झाला त्यात मला एवढंच कळलं की शत्रूच्या गोटात बॉम्ब ठेवायला मिळाल्यासारखा आनंद सगळ्यांना झाला होता. नियम तिथल्या तिथे ठरले. हॉलिसने ब्रॅक्स्टनच्या लोकांत बसायचं. पिवळा शर्ट घालायचा. आणि ब्रॅक्स्टनच्या बाजूने ओरडायचं, तेही मनापासून. यावर ड्यूई फार अडून बसला. "नुसता शर्ट घालून भागायचं नाही. पायगुण काय शर्ट बघतो का? तो आतलं बघतो. तुझ्या मनात ते जिंकावेत असंच असलं पाहिजे." शेवटचा नियम असा की ही गोष्ट दुकानाबाहेर जाता कामा नये, आणि ग्रेडीला तर मुळीच कळता कामा नये, कारण कळलं तर त्याचं लक्ष विचलित होईल. हे मला पटलं. मीच सगळ्यात आधी मान डोलावली.

वडील शर्टाचा विषय निघाल्यापासून हातातली टोपी फिरवत होते. ड्यूईने विचारलं, "जमेल का रे?"

"एकदाच ना?" ते म्हणाले.

पिवळा शर्ट आणायचं काम वेसवर आलं. हॅडनमध्ये तो मिळत नाही. एका दुकानदाराने पूर्वी एकदा ठेवून बघितला होता, तो नंतर दुसऱ्या गावी राहायला गेला. वेस ट्रक घेऊन ब्रॅक्स्टनच्या बाजूला माल पोचवायला जातो. त्याने तिकडच्या पेट्रोल पंपावरून शर्ट आणला आणि तिकडच्याच एका ओळखीच्या ड्रायव्हरकडून खांबांच्या मागच्या बाजूची दोन तिकिटं मिळवली. एक वडिलांसाठी, एक माझ्यासाठी. मला खेळाडूंच्या आईवडिलांमध्ये बसायचं नव्हतं. तिथे बाकीच्या आया असतात. ग्रेडीचा नेम चुकला तर त्या सगळ्या माझ्या पाठीवर हात ठेवतील, हे मला सहन होणार नव्हतं. त्यापेक्षा शत्रू बरे. वेस आणि ममा निळ्या बाजूला बसतील असं ठरलं.

शर्ट नवा कोरा असूनही ममाने तो धुतला. वेगळा धुतला, आणि बाहेर दोरीवर न टाकता न्हाणीघरात वाळत घातला, म्हणजे शेजाऱ्यांना दिसायला नको. वडील दोन दिवस त्या न्हाणीघरात गेले नाहीत. मागच्या अंगणातला नळ वापरला.

गुरुवारी तालीम झाली. ब्रॅक्स्टनचं गाणं कुणाला येत नव्हतं, ते मिस ओपलना येत होतं. कसं काय, असं ममाने विचारलं. मिस ओपल म्हणाल्या की त्यांचा एकदा ब्रॅक्स्टनच्या एका मुलाशी साखरपुडा झाला होता, पावणेदोन महिने टिकला, मुलगा चांगला होता पण रविवारीसुद्धा पिवळा टाय घालायचा. एवढं बोलून त्यांनी आमच्या बैठकीतल्या पियानोवर ते गाणं वाजवलं आणि वडिलांना म्हणायला लावलं. खिडक्या बंद होत्या. वडील भजन म्हणतात त्याच सुरात, मान खाली घालून म्हणत होते. ड्यूई समोर उभा राहून सांगत होता की जरा जोरात, आता हात वर, आणि चेहरा असा का केलास, कुणी मेलंय का. वेस हसून हसून स्वयंपाकघरात निघून गेला. वडिलांनी परत पहिल्यापासून म्हटलं. तिसऱ्या खेपेला त्यांचा आवाज जरा मोकळा झाला, तशी ममा म्हणाली, "बस कर हॉलिस, आता मला भीती वाटायला लागली."

शुक्रवारी ओसरीवर काहीच आलं नाही. पहिल्यांदाच. वडिलांनी दोनदा दार उघडून बघितलं.

शनिवारी पहाटे निघालो. हॅडनपासून ब्रॅक्स्टनपर्यंत अख्ख्या रस्त्यावर आमच्या गाड्यांची रांग होती, खिडक्यांना निळे झेंडे, मागच्या काचांवर निळ्या खडूने काहीबाही लिहिलेलं. पेट्रोल पंपावर भेटणारा प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता की या वर्षी काही खरं नाही, तिथे कोण जिंकतं, आणि सांगताना प्रत्येकाचे डोळे चमकत होते. जिथे हरायची खात्री असते तिथेच आमची माणसं सगळ्यात लांबून जातात. वडील मागच्या सीटवर बसले होते. शर्ट दिसू नये म्हणून ममाचा लांब कोट त्यांनी गळ्यापर्यंत बटणं लावून घातला होता. गाड्या लावायच्या पटांगणात आमच्या लोकांनी शेगड्या पेटवल्या, सॉसेज आणि मक्याची कणसं भाजली. वडिलांना बघून ज्यांना ठाऊक होतं त्यांनी डोळे मिचकावले. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांचे चेहरे पडले. एक बाई तर मला बाजूला घेऊन म्हणाली, "लेटा, मुलाचा पहिलाच सामना आहे. तुला दुसरा दिवस मिळाला नाही का गं वडिलांना फिरवायला?" मला तिला खरं सांगता येईना. मी तिला कणीस दिलं.

आत जायच्या आधी वडिलांनी एका झाडामागे जाऊन कोट काढला. मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. टक्कल, मोठे कान आणि पिवळाधमक शर्ट. ते शर्टाकडे न बघता म्हणाले, "बसचाच रंग आहे," आणि पुढे चालायला लागले.

आमच्या शेजारी जी बाई होती ती ब्रॅक्स्टनची मुरलेली भक्त. माझ्यापेक्षा थोडी मोठी, गालांवर पिवळे पट्टे, हातात पिवळा टॉवेल. तिने वडिलांना खारे शेंगदाणे दिले, आजोबा म्हणायला सुरुवात केली आणि विचारलं की कुठून आलात, या वयात खाणीत म्हणजे कौतुक आहे तुमचं. वडिलांना खोटं बोलता येत नाही, म्हणून त्यांनी धुक्याविषयी सांगितलं. मी करड्या स्वेटरमध्ये अंग चोरून बसले होते.

सामना सुरू झाला आणि वडिलांनी आपलं काम इमानदारीत केलं. ब्रॅक्स्टनकडे बॉल आला की ते ओरडायचे. गाणं सुरू झालं की म्हणायचे, अगदी दुसऱ्या कडव्यासकट, जे त्या बाईलासुद्धा येत नव्हतं. आणि ते ओरडायला लागल्यावर थोड्याच वेळात ब्रॅक्स्टनच्या धिप्पाड पोराच्या हातातून बॉल सुटला आणि आमच्या पोराने त्यावर झेप घेतली. वडिलांनी माझ्याकडे बघितलं. घाबरल्यासारखं बघितलं. आपण हे केलं असं त्यांना खरोखर वाटलं असणार. मलाही वाटलं.

आमची टीम थोडी पुढे सरकली आणि अडली. मग बाजूच्या रांगेतून एक बारीक मुलगा हेल्मेट चढवत धावत आला. मी स्वेटरची बाही तोंडात धरली.

तो आमच्याच दिशेच्या खांबांकडे मारणार होता. मला तो स्पष्ट दिसत होता. त्याने मान वळवून निळ्या बाजूकडे बघितलं. तिथे ममा आणि वेस. तो बघतच राहिला, शोधल्यासारखा, आणि त्याचे खांदे जरा खाली आले. तेव्हा मला कळलं की आम्ही सगळ्यांनी काय करून ठेवलंय. आम्ही पायगुणाचा बंदोबस्त केला होता, गाणं पाठ केलं होतं, शर्ट वेगळा धुतला होता, आणि पोराला एवढंही सांगितलं नव्हतं की पॉपॉ येतोय.

वडिलांनीही ते बघितलं असावं. कानांनी कमी ऐकू येत असलं तरी त्यांची नजर अजून बस चालवण्याइतकी आहे. सगळी खाण गर्जत होती. आमच्या भोवतीचे सगळे पिवळे टॉवेल फिरवत होते, किकरच्या डोळ्यांसमोर सगळं हलतं राहावं म्हणून. नियमाप्रमाणे वडिलांनी या वेळी मनापासून इच्छा करायची होती की बॉल चुकावा. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. मग त्यांनी शेंगदाण्याचा कागद माझ्या मांडीवर ठेवला, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि ते बाकावर चढले.

बाईने विचारलं, "आजोबा, काय करताय? पडाल."

"तो माझा नातू आहे," वडील म्हणाले. "तो खाली. त्याला मी दिसलो पाहिजे."

तिने त्यांच्या शर्टाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. वडील बाकावर ताठ उभे होते, दोन्ही हात सरळ वर केलेले, जसे ते खांब असावेत. ते ओरडत नव्हते. हलतही नव्हते.

खाली ग्रेडीने मान फिरवून समोर खांबांकडे बघितलं, वर बघितलं, आणि थांबला. मग त्याने दोन पावलं घेतली.

बॉल इतका सरळ आला की मी खाली वाकले. खांबांच्या बरोबर मधून गेला आणि आमच्या मागे तीन रांगांवर एका माणसाच्या शीतपेयात पडला. सगळी खाण चिडीचूप. पिवळ्या समुद्रात एक पिवळा म्हातारा हात वर करून उभा, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी. त्या बाईने त्यांना हाताला धरून खाली उतरवलं. "बसा आता," ती म्हणाली. "आणि त्याला पुन्हा यायची वेळ आली तर आधी मला सांगा. मी आपली खाली बघीन."

त्याला पुन्हा दोनदा यावं लागलं. दोन्ही वेळा वडील बाकावर चढले, दोन्ही वेळा तिने त्यांचा कोपर धरला आणि खाली बघितलं. दोन्ही बॉल मधून गेले. सामना आम्ही हरलो. अगदी शेवटी ब्रॅक्स्टनच्या पोराने लांबवर फेकलेला बॉल त्यांच्याच दुसऱ्याने झेलला, आणि संपलं.

टीमच्या बसपाशी ग्रेडी केस ओले घेऊन उभा होता. हरल्याचं तोंडावर होतं, पण वडिलांना बघून तो हसायलाच लागला. "पॉपॉ, तू? पिवळ्यात?"

"गावाने घालायला लावला."

"मला वाटलं तू आलाच नाहीस." मग तो त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून म्हणाला, "समोर सगळं हलत होतं रे. एकच माणूस हलत नव्हता. मी तुझ्यावरच नेम धरला."

परतीच्या वाटेवर वडिलांनी हवामानाचा विषय काढला नाही. धुक्याचासुद्धा नाही. कोट त्यांनी मांडीवर ठेवला होता आणि शर्ट अंगात तसाच.

पण टीव्हीने घोटाळा केला होता. कॅमेऱ्याने त्यांना तिन्ही वेळा दाखवलं होतं, आणि ड्यूईच्या दुकानात मागे राहिलेल्या सगळ्यांनी बघितलं होतं की हॉलिसने नियम मोडला. सोमवारी वडील दुकानात निघाले तेव्हा मी सुट्टी टाकून त्यांच्याबरोबर गेले. एकट्याने जाऊ नये असं वाटलं.

ड्यूई एकाची मान साफ करत होता. त्याने वर न बघता विचारलं, "बाकावर चढला होतास?"

"हो."

"काय ठरलं होतं?"

"मनापासून त्यांच्या बाजूने ओरडायचं."

"मग?"

"थोडा वेळ जमलं," वडील म्हणाले. "मग पोरगा आला. नाही जमलं ड्यूई. हरलो ते माझ्यामुळे. मला ठाऊक आहे. पण मी पुन्हा गेलो तरी तसाच चढेन, आणि पिवळा घालणार नाही."

मी त्यांना गावासमोर असं बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. खिडकीजवळून मिस ओपल म्हणाल्या की हॉलिस, तू मूर्ख आहेस, आणि आम्हीही. त्यांनी सगळ्यांना एकेक करून विचारलं. हॉलिस उभा होता तेव्हा काय झालं? बॉल मधून गेला. तिन्ही वेळा? तिन्ही वेळा. आणि शेवटी ब्रॅक्स्टनवाल्यांनी तो लांबचा बॉल झेलला तेव्हा हॉलिस काय करत होता?

सगळ्यांनी वडिलांकडे बघितलं.

"बसलो होतो," वडील म्हणाले. "गुडघे दुखत होते."

ड्यूईने वस्तरा खाली ठेवला. दुकानात जो तो आठवायला लागला, जुने सामने, जुनी वर्षं, आणि प्रत्येक वेळी हॉलिस बसलेलाच निघाला. अर्थात बसलेलाच असणार, तिकीट काढून गेलेला माणूस बसणारच, पण हे मी बोलले नाही. ठराव झाला. पायगुण हॉलिसच्या जाण्याचा नव्हता, बसण्याचा होता. इथून पुढे त्याने बाहेरच्या प्रत्येक सामन्याला जायचं, निळा शर्ट घालून जायचं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत उभं राहायचं. ड्यूईने बजावलं की यात कुठलीही सवलत मिळणार नाही.

वडिलांनी टोपी डोक्यावर घातली आणि जरा कुरकुर केली, वयाची, गुडघ्यांची, तुम्हाला काय जातं सांगायला, अशी. गाडीत बसल्यावर त्यांनी मला विचारलं की पुढचा बाहेरचा सामना कुठे आहे. मी सांगितलं, फार लांब आहे, पहाटे निघालो तर दुपारी पोचू.

"मग असं कर लेटा," ते म्हणाले, "घरी नको जायला. मला आधी चांगले बूट घेऊन दे."